बसणे, चालणे आणि जुळणे

शाहपुऱ्यात आम्ही काही मराठी आणि कोकणी कुटुंबे ज्या लहानशा देवळाच्या निमित्ताने एकत्र येतो, त्या देवळाच्या मागील खोलीत समया, पखवाज, उत्सवाच्या सतरंज्या आणि प्रसादाची मोठी पातेली ह्यांच्या सोबतीस एक जुनी साखळी-करवतही आहे. देवळात करवत कशासाठी, असे कोणी विचारील. मृगाच्या आगेमागे भोपाळात जी वादळे होतात, त्यांत कोठे ना कोठे एखादा गुलमोहर उन्मळून पडतोच. आमच्या आवारातही एकदा पडला. तो तोडून वाट मोकळी करावयास दोन दिवस कोणी येईना, तेव्हा जंगलाच्या ठेक्यांत आयुष्य घालविलेल्या एका वृद्ध भक्ताने आपल्याजवळचे हे परदेशी बनावटीचे यंत्र देवास अर्पण केले. तेव्हापासून ते देवाचे झाले. खंडेनवमीस त्यास कुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते, आणि एरवी ते सतरंज्यांखाली स्वस्थ पडून असते.

हे यंत्र बंद पडले, आणि ते दुरुस्त करण्याचे काम आम्ही तिघांनी अंगावर घेतले. त्या खटाटोपात जो प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला, तो यंत्राचा नसून धर्माचा आहे असे मला वाटते. म्हणून तो ह्या मासिकाच्या वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम यंत्राविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. साखळी-करवत म्हणजे एका लांबट पोलादी पात्याभोवती वेगाने फिरणारी दातेरी साखळी. तिचा मूळ इतिहास ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री ह्या दोघा स्कॉटिश वैद्यांनी अशी बारीक दातेरी साखळी प्रथम वापरली, ती लाकडासाठी नव्हे, तर माणसाचे हाड कापण्यासाठी. लाकूडतोडीचे पेट्रोलवर चालणारे यंत्र जर्मनीत आंद्रेआस श्टिल ह्यांनी 1929 साली आणले. आज साखळीच्या दातांस जो विशिष्ट वळणदार आकार असतो, तो 1946 साली अमेरिकेतील ऑरेगॉन प्रांतात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यास ओंडका पोखरणाऱ्या एका भुंग्याची अळी पाहून सुचला. त्या अळीचे जबडे डावीउजवीकडे आलटून पालटून लाकूड कुरतडतात, आणि साखळीचे दातही तसेच एक डावा, एक उजवा असे बसविलेले असतात.

आता अशा यंत्राचा एखादा भाग झिजला, आणि ते यंत्र बनविणाऱ्या कारखान्याने तो नमुनाच बंद केला असला, तर काय करावे? दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो मापाचा. साखळीस तीन मापे असतात. एक कड्यांमधील अंतराचे: लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील लांबी मोजून ती निम्मी करावयाची. दुसरे, पात्याच्या खाचेत बसणाऱ्या कडीच्या जाडीचे. तिसरे, अशा कड्यांच्या संख्येचे. आमच्या साखळीचे अंतर तीन सूत, म्हणजे तीन अष्टमांश इंच. बाजारात याहून जी लहान साखळी सर्रास मिळते, तिचे अंतर सव्वातीन दशांश इंच आहे. दोहोंत फरक अवघा सव्वा मिलिमीटरचा. हातात धरली तर दोन्ही सारखीच वाटावीत. जाडीतील फरक तर आणखी सूक्ष्म: एक पूर्णांक तीन, दीड, एक पूर्णांक सहा मिलिमीटर. त्याहून गंमत अशी की, तीन सुताच्याच साखळीचे दोन प्रकार आहेत. दोहोंवर माप तेच लिहिलेले असते. पण एकीची कडी बुटकी व निराळ्या घडणीची असल्यामुळे तिला चक्रही निराळेच लागते. नाव तेच, आकडा तोच, आणि तरीही त्यांचे एकमेकांशी पटत नाही.

ह्या कामी आम्हांस ज्यांचे साहाय्य लाभले, ते गृहस्थ भेलच्या कारखान्यात टर्नर म्हणून उभे आयुष्य काढून निवृत्त झाले आहेत. 1956 साली भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि त्याच साली येथे अवजड विद्युत्-सामग्रीच्या कारखान्याची कंपनीही स्थापन झाली. त्या कारखान्याच्या ओढीने जी मराठी कुटुंबे पुढे इकडे आली, त्यांपैकी त्यांचे एक. आम्ही सारे त्यांस काका म्हणतो. काकांच्या बोलण्यात तीन क्रियापदे वारंवार येत, आणि त्यांचा अर्थ ते फार काटेकोरपणे निरनिराळा करीत: बसणे, चालणे आणि जुळणे. आम्ही मोठ्या आनंदाने एखादा सुटा भाग घेऊन जावे, तो जागेवर चपखल बसावा, आणि काकांनी म्हणावे, "बसला खरा. चालेल का ते बघू." यंत्र सुरू होऊन पाच मिनिटे चालावे, आणि काकांनी मान हलवावी: "चालतंय, पण जुळलेलं नाही."

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. झिजलेल्या चक्रावर कोरी साखळी चढविली तर ती बसते आणि चालतेही. परंतु चक्राच्या दातांत जुन्या साखळीने जी घरे पाडलेली असतात, त्यांत नवी साखळी नीट उतरत नाही, आणि काही दिवसांतच नवीही जुन्यासारखी झिजते. म्हणून कारागिरांचा संकेत असा की, दोन साखळ्या आलटून पालटून वापराव्यात आणि दोन्ही संपल्या की चक्रही बदलावे. तसेच सिलिंडर आणि पिस्टनची रिंग ह्यांचे. सिलिंडरच्या आतल्या अंगास क्रोमचा कठीण मुलामा असेल, तर रिंगही क्रोमचीच घालू नये. दोन्ही सारख्याच कठीण असल्या म्हणजे एकमेकींस ओरबाडतात. एकीने थोडे मऊ असावे लागते. काकांनी हे सांगितले तेव्हा आमच्यापैकी एका बाईंनी, "हे आमच्या घरी लग्नाआधी कोणी सांगितलं असतं तर!" असे म्हटले, आणि सगळे हसले.

कुलाचा प्रश्नही येथे निघाला. आम्हांपैकी बहुतेकांचा आग्रह असा की, सुटा भाग मूळ कारखान्याचाच हवा. नक्कल देवाच्या यंत्रास नको. मलाही तसेच वाटे. मोठ्या शोधानंतर एका जुन्या दुकानात मूळ कंपनीच्या सीलबंद डब्यातील कार्ब्युरेटरचा रबरी पडदा मिळाला. डबा उघडला तो पडदा कडकडीत होऊन गेलेला. कित्येक वर्षे तो कोणाचीही सेवा न करता म्हातारा झाला होता. ह्याउलट नागपुराहून कोणा नातलगाबरोबर आलेला, कोणत्याही थोर नावाचा नसलेला पडदा मऊ आणि जिवंत होता. शिवाय आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते प्रमाण 2025 साली आपल्या देशात वीस टक्क्यांपर्यंत गेले. जुन्या काळचे रबर ते सोसू शकत नाही. ते फुगते, मऊ पडते, किंवा भेगाळते. म्हणजे ज्या पेट्रोलसाठी मूळ भाग घडविला गेला, ते पेट्रोलच उरलेले नाही. मूळ भाग आपल्या कुळाशी प्रामाणिक राहिला आणि काळाशी बेइमान झाला. आमच्या देवळातील भटजी बुंदेलखंडातले आहेत. मराठी आरत्या ते येथे येऊन शिकले, आणि आज आमच्या मुलांस त्या आरत्यांचे उच्चार तेच शिकवितात, ह्याची मला त्या दिवशी उगीचच आठवण झाली.

भाग एकामागून एक बदलत गेले: साखळी, चक्र, कार्ब्युरेटरमधला पडदा, इंधनाच्या नळ्या, क्रॅंकचे सील. ह्या शेवटच्याविषयी काकांनी फार काळजी घेतली. सील किंचित सैल असले तरी बाहेरची हवा आत शिरते, इंधन विरळ होते, आणि ह्या जातीच्या इंजिनास वंगण पोहोचते ते इंधनात मिसळलेल्या तेलानेच. इंधन विरळ झाले की तेलही विरळ, आणि पिस्टन तापून सिलिंडरमध्ये धरतो. क्लच काढताना आणखी एक धडा मिळाला. त्याचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावणारा मनुष्य तो सोडविण्याच्या भरात अधिकच आवळून बसतो.

ह्या सर्वांतून साहजिकच तो जुना प्रश्न कोणीतरी काढला: एवढे सगळे बदलल्यावर हे यंत्र तेच राहिले का? ज्याने अर्पण केले त्याचीच ही वस्तू का? हा प्रश्न मनुष्यजातीच्या फार आवडीचा आहे. ग्रीकांनी तो थीसिअसच्या जहाजाविषयी विचारला. फळी फळी बदलत गेली, तर जहाज तेच का? आपल्याकडे मिलिंद राजा आणि भदंत नागसेन ह्यांच्या संवादात तो रथाविषयी आला: आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? आणि ह्यांपैकी एकही रथ नसेल, तर राजा ज्यात बसून आला ती वस्तू कोणती?

आपल्या समाजास हा प्रश्न मला वाटते तितका अवघड वाटत नाही, कारण आपण तो आचाराने पूर्वीच सोडविला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जुलमामुळे कुशस्थळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळास गेला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. गाव बदलले, देऊळ बदलले, भोवतीचे शेजारी बदलले. देव मात्र तोच, ह्याबद्दल एकाही कुळाव्याने कधी शंका घेतल्याचे ऐकिवात नाही. पुरीस तर मूर्तीच बदलते. ज्या वर्षी आषाढ अधिक येतो अशा वर्षी, जसे 1996 साली व नंतर 2015 साली, कडुलिंबाच्या लाकडाची नवी मूर्ती घडते आणि जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ रात्रीच्या अंधारात, डोळे बांधलेल्या सेवकाच्या हातून तिच्यात ठेविला जातो. जीर्णोद्धाराच्या विधीतही दुरुस्तीपूर्वी देवतत्त्व कलशात आवाहन करून ठेवतात. मग दगडाचे जे करावयाचे ते करतात. तेव्हा आमच्या करवतीचे काय उरले ह्या चिंतेने कोणाची झोप उडाली नाही. ती देवाची होती, देवाचीच राहिली.

एका चैत्री सकाळी यंत्र सुरू झाले. दोरी तिसऱ्यांदा ओढताच निळसर धूर आणि तो कर्कश आवाज. पारावरची कबुतरे उडाली. कोणी नारळ आणावयास धावले. काकांनी यंत्र बंद केले, ते खाली ठेवले, आणि विचारले, "हे आता हातात कोण धरणार?"

प्रश्न इतका साधा होता की प्रथम तो कोणास कळलाच नाही. आमच्यापैकी कोणी धरणार नाही, हे उघड होते. आम्ही बँकेत, शाळेत, सचिवालयात आयुष्य काढलेली माणसे. झाड पडले म्हणजे जो रोजंदारीवर बोलावला जातो, तो धरणार. तो गृहस्थ तेथेच, पायरीशी उभा होता. त्याने हसून म्हटले, "चल जाएगा, साहब. हाथ बैठा हुआ है." बसणे आणि चालणे, दोन्ही शब्द त्याच्याही तोंडी होते. तिसरा शब्द मात्र आला नाही.

काकांचे म्हणणे काय होते, ते सांगतो. साखळी-करवतीच्या पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश चुकून लाकडास लागला, की पाते झटक्यात वर आणि मागे, धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळते. ह्यास एका पापणीच्या लवण्याइतकाही वेळ लागत नाही. हात सावध करण्यास मनास जेवढा वेळ लागतो त्याच्या आत ते होऊन जाते. म्हणून 1970 च्या दशकापासून ह्या यंत्रांस साखळीचा ब्रेक बसविण्यात येऊ लागला: पुढच्या हाताच्या रक्षणासाठी असलेली पट्टी पुढे ढकलली गेली, की एक पोलादी पट्टा क्लचच्या डब्याभोवती आवळला जातो आणि साखळी जागच्या जागी थांबते. आमचे यंत्र त्याआधीचे. त्याच्या घडणीत ह्या पट्ट्यास जागाच नव्हती. आम्ही दोन महिने ज्याचा त्याचा जुळता भाग शोधीत फिरलो, पण जो भाग त्यात कधी नव्हताच, त्याचा जुळता भाग कोणत्या दुकानात मिळणार?

त्या संध्याकाळी समितीत जो वाद झाला, तो मी कधी विसरणार नाही. मी स्वतः यंत्र ठेवावे ह्या बाजूचा होतो, हे आधीच कबूल करतो. माझे म्हणणे असे: ज्या काळी ब्रेक नव्हता त्या काळीही लोक ह्याच यंत्रांनी अरण्ये तोडीत होते, काळजी घेणाऱ्यास काही होत नाही, नव्या यंत्राचा पैसा म्हणजे कित्येक दिवसांचे अन्नदान, आणि ज्यास ते वापरावयाचे, तो स्वतः राजी आहे. दुसरे एक सभासद म्हणाले, की देवळात करवत असणे हेच मुळी अशोभन आहे. 2024 च्या जूनमध्ये ह्याच भोपाळात शिवाजीनगर आणि तुळशीनगर भागांतील हजारो झाडे नव्या सरकारी निवासांसाठी तोडण्याची योजना पुढे आली, तेव्हा बायाबापड्यांनी खोडांस मिठ्या मारून ती मागे घ्यावयास लावली. आणि आपण खंडेनवमीस करवतीची पूजा करतो! त्यांचे म्हणणे मला पटले नाही. पडलेले झाड उचलणे आणि उभे झाड पाडणे ह्यांत भेद आहे, आणि पडलेल्या झाडाखाली कोणाचे घर असेल तर करवतीसारखे पुण्यवान हत्यार नाही. परंतु त्यांच्या रागामुळे आमच्या वादात जी शिथिलता आली होती ती गेली.

काका मात्र माझ्या शेवटच्या मुद्द्यावरच अडून बसले. तो राजी आहे, असे तुम्ही म्हणता. पण तो नाही म्हणाला तर त्या दिवसाची मजुरी बुडते हे त्यास ठाऊक आहे आणि तुम्हांसही ठाऊक आहे. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्या होकाराची किंमत काय? आम्ही गप्प राहिलो. मग कोणीतरी म्हणाले, की मग यंत्र विकून टाकावे. रायसेनकडचा एक शेतकरी चांगली किंमत देण्यास तयार आहे, आणि पैसा देवाच्या कामी येईल. ह्या तोडग्याने सर्वांस हायसे वाटले. मलाही वाटले. काकांनी विचारले, की शेतकऱ्याच्या मजुराची मान आपल्या मजुराच्या मानेहून निराळी असते का?

घरी आल्यावर मी कठोपनिषदातल्या रथाचा विचार करीत बसलो. मिलिंदाच्या संवादात रथ सुटा करून पाहिला जातो, आणि रथ कोठे आहे असा प्रश्न येतो. कठात रथाचे भाग सांगितले आहेत, घोडे सांगितले आहेत, लगाम सांगितला आहे, सारथी सांगितला आहे. पण सर्वांआधी रथात बसलेला रथी सांगितला आहे. आम्ही दोन महिने पहिल्या रथाशी खेळत होतो. कड्यांचे अंतर मोजले, जाडी मोजली, कड्या मोजल्या. सुटा भाग यंत्राशी जुळतो की नाही ह्याची एवढी चिकित्सा केली, आणि यंत्र माणसाशी जुळते की नाही हे एकदाही मोजले नाही. ते मोजण्याचे साधन आमच्याजवळ नव्हते असे नाही. तो मनुष्य रोज देवळाच्या पायरीशी येत होता.

तरीही मला अजून पूर्ण समाधान नाही. चालते यंत्र अडगळीत टाकणे ह्यातही काहीतरी पापासारखे वाटते. गीतेतल्या जीर्ण वस्त्राच्या दृष्टान्ताचा आधार घेऊन ते टाकून मोकळे व्हावे, तर वस्त्र आणि आयुध एक नव्हे. जीर्ण वस्त्र अंगावरून गळून पडते, हे यंत्र तर दोरी ओढली की आजही धडधडत उठते. ज्याने अर्पण केले तो आज हयात नाही. त्याच्या मुलास काय सांगावे, हेही आम्हांस कळत नव्हते. शेवटी खरे तेच सांगितले. तो म्हणाला, वडिलांच्या डाव्या हाताची दोन बोटे ह्याच यंत्राने नेली होती; तुम्हांस ठाऊक नव्हते का? आम्हांपैकी कोणासही ठाऊक नव्हते. ते नेहमी आरतीच्या वेळी मागे उभे राहत, आणि डावा हात उपरण्याखाली असे.

आता यंत्र मागील खोलीतच आहे. त्यातले तेल आणि पेट्रोल काढून टाकले आहे. नागपुरहून आलेला पडदा, नवी साखळी, नवे सील, सगळे त्यात जसेच्या तसे आहे. पडलेल्या झाडासाठी आता जो मनुष्य येतो, तो तोच. त्याच्याजवळ देवळाने घेऊन दिलेले लहानसे नवे यंत्र असते, आणि ते सुरू करण्याआधी तो पुढची पट्टी अंगठ्याने दोनदा मागेपुढे करून पाहतो. काकांनीच त्यास तसे शिकविले. गेल्या खंडेनवमीस जुन्या यंत्रास नेहमीप्रमाणे कुंकू लावले. त्याचा स्पार्क प्लग काढलेला आहे. तो काकांच्या घरी, त्यांच्या देवघराच्या फडताळात, मोजमापाच्या जुन्या कॅलिपरशेजारी ठेवलेला असतो.